‘आता किती दिवस?’ : एका अवघड प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आयुष्याच्या अखेरीचा विषय कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती स्वाभाविक आहे. परंतु समाजाच्या संस्था ज्या सुखदुःखांसाठी उभ्या राहतात, त्यांत हे दुःख आज घरोघरी पोहोचले आहे. कर्करोगाने ज्याच्या कुटुंबात वा नात्यात प्रवेश केला नाही असा माणूस सभागृहात क्वचितच असेल; आणि ज्या घरात तो आला, त्या घराने एक प्रश्न कधी ना कधी विचारलेलाच असतो.

डॉक्टर रुग्णाला तपासून खोलीबाहेर पडतात. थोरला मुलगा त्यांच्या मागोमाग येतो, दार हलकेच लोटून घेतो आणि खालच्या आवाजात विचारतो, “डॉक्टरसाहेब, आता किती दिवस?” प्रश्न चार शब्दांचा, पण त्याच्या पोटात अनेक प्रश्न दडलेले असतात. परदेशातील बहिणीला आजच बोलवायचे की सुट्टी लागेपर्यंत थांबायचे? नातीचे लग्न अलीकडे घ्यायचे काय? केमोथेरपीचा आणखी एक फेरा द्यायचा की आईला घरी न्यायचे? उत्तर मिळते ते बहुधा असे : “ते कोणाच्याच हातात नाही. आपण प्रयत्न करू.” मुलगा आत जातो, आणि आईला सांगतो, “सगळे ठीक आहे.”

या प्रश्नाला याहून अधिक खरे, अधिक उपयोगी उत्तर देता येते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत यावर बराच विचार केला आहे. त्यातून निघालेले सार एका वाक्यात सांगता येते. तारीख कोणालाही सांगता येत नाही. परंतु उरलेला काळ दिवसांचा आहे, आठवड्यांचा आहे की महिन्यांचा, हे बऱ्याच अंशी सांगता येते, आणि ते वेळेवर सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

उपशामक सेवा म्हणजे काय?

जेव्हा आजार बरा करणे शक्य उरत नाही, तेव्हा वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती यांचे शमन करून रुग्णाचे उरलेले दिवस सुसह्य करणारी वैद्यकशाखा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, अर्थात उपशामक सेवा. या शाखेला आधुनिक रूप दिले ते इंग्लंडमधील सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदनाच्या रूपाने उभे राहिले. पुढे १९९७ साली पुण्यात सिप्ला संस्थेचे उपशामक सेवा केंद्र सुरू झाले. केरळमध्ये कोळिकोड येथे १९९३ पासून उपशामक सेवेची चळवळ उभी राहिली आणि २००८ साली त्या राज्याने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले.

अशा सेवेत येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ‘किती काळ?’ हा प्रश्न टाळून चालत नाही. औषधांची निवड, घरी न्यायचे की रुग्णालयात ठेवायचे, कोणती तपासणी करायची आणि कोणती सोडून द्यायची, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते.

अंदाज चुकतो, आणि एकाच दिशेने चुकतो

डॉक्टरांचा अंदाज कितपत बरोबर ठरतो? अमेरिकेतील निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमॉन्ट यांनी शिकागो येथील पाच हॉस्पिस सेवांत ही गोष्ट प्रत्यक्ष तपासली. ३४३ डॉक्टरांनी आपल्या ४६८ रुग्णांविषयी, सेवेत दाखल करतानाच, हा रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज सांगितला. निम्म्याहून बरेच अधिक रुग्ण कर्करोगाचे होते. नंतर प्रत्येकाचे प्रत्यक्ष आयुष्य किती झाले ते पाहण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. केवळ २० टक्के अंदाज बरोबर ठरले. ६३ टक्के अंदाज वाजवीपेक्षा आशावादी होते आणि १७ टक्के वाजवीपेक्षा निराशावादी. एकंदरीने पाहता डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या पाचपटींहून अधिक आयुष्य वर्तविले होते.

याहून लक्षणीय बाब पुढेच आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांचा परिचय जितका जुना, तितका अंदाज अधिक चुकीचा. वर्षानुवर्षे ज्याने नाडी पाहिली, ज्याचे घरी येणेजाणे आहे, त्या डॉक्टरालाच आपला रुग्ण जाणार हे दिसेनासे होते. हे अज्ञान नव्हे. ही माया आहे. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर घरातलाच एक होऊन जातो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला विशेष समजण्यासारखी आहे.

त्याच संशोधकांनी कर्करोगाच्या रुग्णांपुरता आणखी एक प्रश्न डॉक्टरांना विचारला : रुग्णाने आग्रहाने विचारले, तर आपल्या मनातील अंदाज त्याला जसाच्या तसा सांगाल काय? केवळ ३७ टक्के प्रसंगी ‘होय’ असे उत्तर आले. सुमारे २३ टक्के प्रसंगी काहीच सांगणार नाही, आणि सुमारे ४० टक्के प्रसंगी मनात आहे त्याहून वेगळे, बहुधा अधिक आशादायक, सांगू, असे उत्तर होते. सांगितला जाणारा काळ मध्यकाने ९० दिवस, डॉक्टरांच्या मनातला ७५ दिवस, आणि रुग्णांना प्रत्यक्षात लाभलेला केवळ २६ दिवस, असे चित्र त्यातून समोर आले.

म्हणजे येथे दोन चुका एकावर एक बसतात. पहिली चूक मनात होते, दुसरी ओठांवर. दोन्ही चांगल्या हेतूने होतात. पण तीन महिने आहेत या समजुतीने बहिणीचे तिकीट पुढच्या महिन्याचे काढले जाते, आणि ती येते तेव्हा घरात फक्त हार घातलेला फोटो असतो. आशेच्या बाजूने झालेल्या चुकीची किंमत ही अशी द्यावी लागते. आणि ती डॉक्टराला नव्हे, घराला द्यावी लागते.

सरासरीचा अर्थ

अंदाज चुकतो म्हणून आकडेवारीच टाकून द्यावी, असे मात्र नव्हे. तिचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. ‘या आजारात मध्यक आयुर्मान आठ महिने’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, आठ महिन्यांनी सारे संपणार. वास्तविक मध्यक याचा अर्थ एवढाच की अशा रुग्णांपैकी निम्मे आठ महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्यानंतरही जगले. त्यांतील काही तर बरीच वर्षे. अमेरिकेतील ख्यातनाम जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गोल्ड यांना १९८२ साली पोटातील आवरणाचा दुर्मीळ कर्करोग झाला. त्या आजाराचे मध्यक आयुर्मान त्या वेळी नेमके आठ महिने होते. आपण त्या आकड्याच्या कोणत्या बाजूला असू शकतो याचा त्यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेने विचार केला, त्यावर लेख लिहिला, आणि ते २००२ सालापर्यंत जगले.

हे उदाहरण निदानाच्या वेळचे आहे, हे विसरू नये. त्या वेळी गोल्ड चालतेफिरते होते आणि उपचार पुढे व्हायचे होते. उपचार संपून रुग्ण अंथरुणाला खिळल्यानंतर मात्र आजाराचे नाव, गाठीचा आकार, स्कॅनचे अहवाल यांचे महत्त्व कमी होत जाते, आणि शरीर स्वतःच बोलू लागते. ते काय बोलते ते ऐकण्याच्या काही रीती तयार झाल्या आहेत.

शरीर काय सांगते?

पहिली खूण हालचालींची. रुग्ण स्वतःचे काम स्वतः करतो काय, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो, आंघोळीला कोणाचा आधार लागतो काय, यांवरून शंभरपैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील डेव्हिड कर्नोफ्स्की यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू. १९९६ साली कॅनडातील व्हिक्टोरिया हॉस्पिसने तिला उपशामक सेवेसाठी अधिक सोयीचे रूप दिले. त्यात चालणेफिरणे, कामकाज, स्वतःची निगा, अन्नपाणी आणि शुद्धी या पाचही बाजू पाहिल्या जातात.

दुसरी रीत जपानमधील तात्सुया मोरिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडली. तिला रक्ताची तपासणी लागत नाही, यंत्र लागत नाही. रुग्णाच्या उशाशी बसून पाच गोष्टी पाहायच्या. हालचालींचे गुण ५० वा त्याखाली असल्यास अडीच आणि २० वा त्याखाली असल्यास चार. आहार कमी झाला असल्यास एक, आणि जेमतेम चार घासांवर आला असल्यास अडीच. अंगावर सूज असल्यास एक. स्वस्थ पडलेले असतानाही धाप लागत असल्यास साडेतीन. आणि भ्रम, म्हणजे दिवसरात्रीचे वा माणसांचे भान सुटणे, असल्यास चार. औषधामुळे आलेला भ्रम यात धरत नाहीत. एकूण गुण पंधरा.

उदाहरणादाखल एक घर कल्पावे. अडुसष्ट वर्षांच्या आजी, स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतात पसरलेला. उपचार थांबले आहेत. आजी बहुतेक दिवस पलंगावरच असतात, जेवण निम्म्यावर आले आहे, पायांवर सूज आहे; धाप नाही, बोलणे स्वच्छ आहे. गुण होतात अडीच, अधिक एक, अधिक एक, म्हणजे साडेचार. मोरिता यांच्या पाहणीनुसार चारहून अधिक गुण झाल्यास काळ बहुधा सहा आठवड्यांच्या आतला असतो. पंधरा दिवसांनी आजींना कूस बदलायलाही मदत लागते, दोन चमचे पेजेपलीकडे काही जात नाही, सूज तशीच आहे आणि त्या मध्यरात्री उठून माहेरच्या माणसांना हाका मारतात. आता गुण साडेअकरा. सहाहून अधिक गुण म्हणजे काळ बहुधा तीन आठवड्यांच्या आतला.

‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मूळ पाहणीत सहाची सीमा धरली असता, तीन आठवड्यांच्या आत गेलेल्या दर शंभरांपैकी ८० जण आधीच ओळखता आले होते, आणि त्याहून अधिक जगलेल्या दर शंभरांपैकी ८५ जणांबद्दलचा अंदाज बरोबर ठरला होता. म्हणजेच काही जणांच्या बाबतीत सूत्र चुकले. शंभर जणांविषयी ते चांगले बोलते. समोरच्या एकाविषयी ते केवळ शक्यता सांगते.

तिसरी रीत इटलीतील पिरोव्हानो, मालतोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, तीही १९९९ सालचीच. धाप, भूक आणि हालचाल यांच्या जोडीला रक्तातील एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतील लिंफोसाइट पेशींचे प्रमाण त्यात विचारात घेतात. यावरून रुग्णांचे तीन गट पडतात : पुढचे तीस दिवस पार करण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक असलेले, ३० ते ७० टक्क्यांमधले आणि ३० टक्क्यांहून कमी असलेले. या पद्धतीत एकूण साडेसतरा गुणांपैकी साडेआठपर्यंतचे गुण डॉक्टरांच्या स्वतःच्या अंदाजाला आहेत. अनुभवी नजर शास्त्राने बाजूला टाकलेली नाही. तिला इतर खुणांचा आधार दिला आहे.

या साऱ्याला पूरक असा एक निष्कर्ष इंग्लंडमधून २०११ साली आला. १०१८ रुग्णांच्या पाहणीत, रक्ततपासणीसह केलेले सूत्र एकट्या डॉक्टराच्या किंवा एकट्या परिचारिकेच्या अंदाजाहून सरस ठरले. परंतु डॉक्टर आणि परिचारिका यांनी एकत्र बसून जो अंदाज केला, त्याहून ते ठळकपणे सरस ठरले नाही. दोघांनी मिळून पाहिले की एकाच्या मायेने झालेली चूक दुसऱ्याच्या नजरेने सावरली जाते.

अन्नाविषयी एक गैरसमज

आपल्या घरांत प्रेम ताटातून व्यक्त होते. त्यामुळे रुग्णाने ताट दूर सारले की घरच्यांना अपराधी वाटू लागते. ‘दोन घास खा, म्हणजे ताकद येईल’ असा आग्रह सुरू होतो. नाही जमले तर नळी घाला, सलाइन लावा, अशी मागणी होते. वाढलेल्या कर्करोगात शरीरात सतत एक दाह चालू असतो. त्यामुळे भूक मंदावते, स्नायू झिजतात आणि दिलेले अन्नही अंगी लागत नाही. यालाच वैद्यकात कॅकेक्सिया म्हणतात. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढलेले आणि अल्ब्युमिन घटलेले असणे ही त्याची खूण असून, ग्लासगो येथील वैद्यांनी या दोनच तपासण्यांवरून आयुर्मर्यादेचा अंदाज करण्याची रीत बसविली आहे.

तात्पर्य, रुग्ण जेवत नाही म्हणून खचत चालला आहे असे नव्हे; तो निरोपाच्या वाटेवर आहे म्हणून त्याची भूक सरली आहे. सलाइनच्या बाबतीत, अमेरिकेतील १२९ रुग्णांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हॉस्पिस सेवेतील कर्करोगग्रस्तांना रोज एक लिटर सलाइन देऊनही ना त्रास कमी झाला, ना आयुष्य वाढले. रुग्ण मागेल तेव्हा, मागेल तेवढेच द्यावे. ओठ आणि तोंड ओले ठेवावे. आणि आग्रहाच्या जागी सोबत द्यावी.

उलट बाजूची चूक

आशेच्या बाजूने होणाऱ्या चुकीबद्दल आतापर्यंत सांगितले. निराशेच्या बाजूने होणारी चूक संख्येने कमी, पण तितकीच गंभीर आहे. रुग्ण अचानक सुस्त झाला, बरळू लागला, जेवेनासा झाला, म्हणजे अंत आलाच, असे धरून चालू नये. रक्तातील कॅल्शियम वाढल्याने, जंतुसंसर्गाने, बद्धकोष्ठाने, औषधाच्या मात्रेने, आवरात न आलेल्या वेदनेने किंवा खोल नैराश्यानेही असेच चित्र दिसते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. म्हणून गुण मोजण्याआधी जाणता वैद्य हे विचारतो : जे दिसते आहे ते आजाराचे आहे, की दुरुस्त होण्याजोग्या एखाद्या कारणाचे?

या ठिकाणी जैन घरांत स्वाभाविकपणे उपस्थित होणाऱ्या एका प्रश्नाचा उल्लेख करणे उचित ठरेल. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेच्या प्रसंगांत ज्यावर काही इलाज उरलेला नाही अशा रोगाचा समावेश आहे. २०१५ सालच्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली, हे सर्वांच्या स्मरणात असेल. धर्माचा निर्णय गुरुजनांचा आणि त्या जीवाचा. वैद्यकाचे काम त्याआधीचे आणि मर्यादित आहे : रोगावर खरोखरच इलाज उरला नाही काय, हे प्रामाणिकपणे सांगणे. उपाय होऊ शकणारी वेदना किंवा नैराश्य यांमुळे कोणी ‘आता पुरे’ म्हणत असेल, तर आधी त्या वेदनेवर उपचार झाला पाहिजे. आणि कोणत्याही गुणतक्त्यातून आलेला आकडा कोणावर निर्णय लादण्यासाठी वापरता कामा नये.

अखेरच्या दिवसांच्या खुणा

अखेरच्या तीन दिवसांत दिसणाऱ्या काही खुणा अमेरिकेतील डेव्हिड हुई आणि सहकाऱ्यांनी ह्यूस्टन व ब्राझीलमधील रुग्णालयांत बारकाईने नोंदविल्या. मनगटावरची नाडी हाताला न लागणे, लघवी अगदी कमी होणे, श्वासागणिक खालचा जबडा हलणे, श्वास कधी खोल तर कधी थांबून थांबून येणे, घशात घरघर होणे, या त्यांपैकी प्रमुख. यांतील खूण दिसली तर वेळ बहुधा जवळ आली, असे समजावे. मात्र ती दिसली नाही म्हणून बराच काळ उरला आहे, असे समजू नये. ही घरघर ऐकून घरचे घाबरतात आणि रुग्णाला मध्यरात्री अतिदक्षता विभागात हलवितात. ती काय आहे हे कोणी आधी समजावून सांगितले असेल, तर तीच माणसे शेजारी शांतपणे बसून हात हातात धरू शकतात.

प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे द्यावे

उपशामक सेवेत काम करणारे अनुभवी वैद्य घरच्यांना एक सोपा नियम सांगतात. रुग्णात फरक दर महिन्याला जाणवत असेल, तर काळ महिन्यांचा आहे. दर आठवड्याला जाणवत असेल, तर आठवड्यांचा. रोज जाणवू लागला, तर दिवसांचा. हा नियम गणिताइतका काटेकोर नाही, पण सूनबाई, मुलगा, शेजारीण, सर्वांना तो पाहता येतो, आणि अचानक धक्का बसण्याऐवजी मन हळूहळू तयार होते.

डॉक्टरांना ‘किती दिवस?’ असे विचारण्याऐवजी असे विचारावे : ‘महिने, आठवडे की दिवस? बरे झाले तर किती, आणि वाईट झाले तर किती? पुढे काय काय होऊ शकते आणि तेव्हा कोणाला बोलवावे?’ असा प्रश्न विचारला की डॉक्टरांनाही खोटा आकडा द्यावा लागत नाही आणि मौनामागेही दडावे लागत नाही. ‘काळ थोड्या आठवड्यांचा वाटतो. अधिक मिळाला तर आनंदच आहे. पण जे महत्त्वाचे असेल ते या आठवड्यात करून घ्या’, असे उत्तर आशा मोडत नाही आणि वेळही वाया घालवत नाही.

आणि हे उत्तर कोणाला द्यायचे? आपल्याकडे ते बहुधा दाराबाहेर मुलाला दिले जाते, रुग्णाला नव्हे. ‘त्यांना सांगू नका, ते खचतील’ ही विनंती मायेपोटीच असते. परंतु स्वतःच्या शरीरातून जे चालले आहे ते रुग्णाला बहुधा आधीच उमगलेले असते. मग घरात दोन नाटके एकाच वेळी चालतात : मुले हसून दाखवितात आणि आई काही न समजल्याचे दाखविते. रुग्णाला जाणून घ्यायचे आहे काय, किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच हळुवारपणे विचारावे. नको असेल तर तोही त्याचा अधिकार. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अखेरच्या उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सुलभ केली. पण ज्याला आपल्या स्थितीची कल्पनाच दिलेली नाही, त्याने ती इच्छा कशी लिहावी?

एक भीती येथे दूर केली पाहिजे. उपशामक सेवा स्वीकारली म्हणजे रुग्णाला सोडून दिले, असे अनेकांना वाटते. बोस्टन येथे जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास केला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे ८.९ महिने झाले. त्यांची मनःस्थितीही चांगली राहिली, आणि अखेरच्या दिवसांत दमविणारे उपचार त्यांच्या वाट्याला कमी आले. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ही सेवा आयुष्य आखूड करीत नाही.

शेवटी

मघाच्या कल्पिलेल्या घरातील आजींकडे पुन्हा एकदा वळू. साडेचार गुण होते त्या दिवशी डॉक्टर म्हणाले असते, ‘बघू, प्रयत्न करू’, तर घराने आणखी एका शहरातले आणखी एक रुग्णालय गाठले असते, आणि ते पंधरा दिवस प्रवासात आणि तपासण्यांत गेले असते. डॉक्टर म्हणाले, ‘आठवडे आहेत, महिने दिसत नाहीत.’ मग मुलीला त्याच रात्री फोन गेला. ती आली तेव्हा आजी बोलत होत्या. धाकट्या जावेशी कित्येक वर्षे अबोला होता; तिला बोलावून आजींनी क्षमा मागितली आणि क्षमा केली. आपल्या पाटल्या कोणाला द्यायच्या, औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवायची, हेही त्यांनी स्वतःच सांगितले. पंधरा दिवसांनी भान सुटले, तेव्हा सांगायचे आणि ऐकायचे काही उरले नव्हते.

आजींचे आयुष्य एका दिवसाने वाढले नाही. पण जे दिवस होते, ते त्यांना मिळाले. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला वैद्यकशास्त्र अनेकदा आणखी काळ देऊ शकत नाही. असलेला काळ त्याच्या हातात मात्र देऊ शकते. त्यासाठी डॉक्टरांनी थोडे धैर्य दाखवावे, घरच्यांनी थोडे ऐकून घ्यावे, आणि दार लोटून बाहेर विचारला जाणारा प्रश्न, रुग्णाची इच्छा असेल तर, त्याच्या उशाशी बसून विचारावा.